बाबांच्या बनियनवरचा डाग

आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबांच्या बनियनवर डाग पडतो गं. रोज एकाच जागी. धुतला तरी दुसऱ्या दिवशी परत."

बाबा न्हावा शेवा बंदराच्या यार्डात क्रेन चालवायचे, नुकतेच निवृत्त झाले होते. संध्याकाळी मी गावठाणातल्या घरी गेले. आधी ते ऐकेनातच. शेवटी वैतागून त्यांनी सदरा वर केला. डावं स्तनाग्र आत ओढल्यासारखं दिसत होतं, त्यातून लालसर पाणी झिरपत होतं, भोवतीची कातडी आक्रसलेली. मी बोट लावलं, तर खाली चिंचोक्याएवढी कडक गाठ. दाबली तरी हलत नव्हती.

"कधीपासून आहे, बाबा?"

"हाय गनपतीपासून. दुखत नाय ना, मंग काय हाय त्यात?"

होळी जवळ आली होती. म्हणजे सहा महिने झाले होते. बाबांची बहीण, माझी आत्या, छातीतल्या गाठीनेच गेली होती. ऐन चाळिशीत. तिचीही दुखत नव्हती, म्हणून तिने कोणाला दाखवली नव्हती. पण तो बायकांचा आजार, असंच मी धरून चालले होते.

बाबांना तयार करण्यात आठवडा गेला. सर्जन बाई होत्या, म्हणून ते आणखीच आक्रसले. बाईंनी गाठ तपासली, मग काखेत बराच वेळ बोटं फिरवली. त्यांचा चेहरा वाचायचा मी प्रयत्न करत होते, पण काही कळेना.

"पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो," त्या म्हणाल्या. "क्वचित होतो, पण होतो. तोच आहे की नाही, हे तुकडा काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. घरात कोणाला होता?"

मी आत्याचं सांगितलं. बाईंनी मान वर करून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर मला अजून आठवते.

मॅमोग्राफीच्या खोलीबाहेर सगळ्या बायकाच बसल्या होत्या. आतून तिथे काम करणारी मुलगी आली आणि मला म्हणाली, "मॅडम, या. गाऊन घालून घ्या."

"मी नाही. हे," मी म्हटलं.

सगळ्या माना वळल्या. बाबा जमिनीकडे बघत उठले. जन्मभर दर्यावरच्या वाऱ्यात उंच बसून कंटेनर उचललेला माणूस, हातात तो गुलाबी गाऊन घेऊन आत गेला. कोपऱ्यातल्या एका म्हातारीने मला विचारलं, "वडील का?" मी हो म्हटलं. तिने सरकून मला जागा दिली.

सुईने तुकडा काढला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढले, ते माझं मला माहीत. आंघोळ करताना मी स्वतःचीच छाती चाचपत राहायचे. प्रत्येक वेळी काहीतरी लागल्याचा भास व्हायचा. नवरा म्हणायचा, "उगाच टेन्शन घेऊ नकोस." त्यालाही झोप लागत नव्हती.

कॅन्सरच निघाला. मग हाडं, फुप्फुसं, यकृत यांचे स्कॅन. तिथे काही नव्हतं. काखेतल्या एका गाठीपर्यंत तो पोचला होता, त्यापुढे गेला नव्हता. बाई म्हणाल्या, "अजून थांबला असतात तर अवघड होतं." ऑपरेशन झालं, केमो झाली, आता रोजची गोळी चालू आहे. बाबा बरे आहेत. डाव्या हाताने जड उचलायचं नाही एवढंच.

पण त्यांच्या रक्ताच्या तपासणीत घराण्यातून येणारा दोष निघाला. म्हणून माझंही रक्त तपासायला दिलं. माझ्यातही तो आहे. म्हणजे आजार झालाय असं नाही, धोका जास्त आहे, असं बाईंनी दोनदा समजावलं. माझे स्कॅन आता दरवर्षी होतात. आतापर्यंत स्वच्छ आहेत. तारीख जवळ आली की जेवण जात नाही.

भाऊ मात्र तपासणीला तयार नाही. "मला कशाला? मी काय बाई आहे?" म्हणाला, आणि तेही बाबांसमोर.

बाबांनी सदऱ्याची बटणं सोडली आणि छातीवरचा आडवा व्रण त्याला दाखवला. भाऊ उठून बाहेर गेला. अजून त्याने तपासणीला रक्त दिलेलं नाही. बाबा रोज त्याला फोन करतात.