सकाळी न बोलणारी मास्तरीण

“ताई, मास्तरीण आज बी बोलून नाही राह्यली. आता तुम्ही याच.”

प्रल्हाद राठोडचा हा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या माझ्या दुकानात एक उघडलेला सीपीयू पुढ्यात घेऊन बसले होते. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. गोष्ट कापसाच्या वाईट वर्षांतली आहे. दिग्रसला एका छोट्या संस्थेनं तेव्हा शेतकरी घरांसाठी फोन केंद्र उघडलं होतं. कुणाला नुसतं बोलायचं असेल, कुणाला डॉक्टर हवा असेल, कुणाच्या घरातलं माणूस गप्प गप्प राहत असेल, तर तिथे फोन करायचा. तो फोन प्रल्हाद उचलायचा.

प्रल्हादला जन्मापासून दिसत नाही. दिग्रसजवळच्या तांड्यावरच्या बंजारा घरातला. अंधशाळेत शिकला, टायपिंगही तिथेच. त्याचा आवाज इतका निवांत की तावातावानं बोलणारा माणूससुद्धा आधी श्वास घ्यायचा, मग नाव-गाव सांगायचा.

त्याच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर होता. म्हणजे पडद्यावर लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. कोणतं बटण दाबलं तेही तो सांगतो. आवाज बाईचा, उच्चार साहेबी. मराठी तिला येत नव्हती, म्हणून प्रल्हाद मराठीच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा. मग ती दिग्रसला ‘डायग्रास’ म्हणायची. बाभुळगावचं ती जे करायची ते मला लिहून दाखवता येणार नाही. प्रल्हाद तिला मास्तरीण म्हणायचा आणि घरातल्या कुणाची खोडी सांगावी तशा तिच्या चुका हसत हसत सांगायचा.

कॉम्प्युटर चालू केला की काही प्रोग्रॅम आपोआप सुरू होतात. त्यांना स्टार्टअप प्रोग्रॅम म्हणतात. मास्तरीण त्यातलीच. ती आपोआप सुरू झाली नाही तर प्रल्हादपुढे नुसता एक गुरगुरणारा डबा उरायचा. आणि आता काही दिवस तेच चाललं होतं.

दुपारच्या एसटीनं मी दिग्रसला पोचले. केंद्र चालवायच्या देशपांडे मॅडम. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला दारातच गाठलं.

“हे बघ, सकाळी केंद्र हाच उघडतो. मी येते दहाला. तोवर हा मुक्या मशीनसमोर बसून असतो. मी येऊन माउसनं तो प्रोग्रॅम चालू केला की सुरळीत चालतो. आज काय ते शोधून काढ.”

मी कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. सुरू झाल्याची धून वाजली आणि पाठोपाठ मास्तरीण बोलली. पूर्ण बंद केला, बटण दाबून परत चालू केला. बोलली. स्टार्टअपच्या यादीत तिचं नाव होतं. कुणी खूण काढलेली नव्हती. अँटीव्हायरसनं तिला अडवलेलं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा रीस्टार्ट केला आणि ती दर वेळी बोलली.

“तुमच्यासमोर शहाण्यासारखी वागते,” प्रल्हाद म्हणाला. “मलेच त्रास देते.”

मॅडम मला बाजूच्या खोलीत घेऊन गेल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “मागच्या आठवड्यात संस्थेच्या मुख्य ऑफिसचे साहेब आले होते. नेमके सकाळी. म्हणाले, याच्या जागी डोळस ऑपरेटर ठेवा, याला दुसरं काही काम द्या. मी म्हटलं, दुरुस्ती चालू आहे. पण किती दिवस म्हणू?”

भिंत पातळ होती. आम्ही बाहेर आलो तर प्रल्हाद कीबोर्डवर हात ठेवून बसलेला.

“ताई, फोन तर मी उचलीनच,” तो म्हणाला. “पन समोरच्याले डॉक्टरचा नंबर पायजे अन् मले तो सापडत नसन, तं मी कोन्या कामाचा?”

मी मॅडमना म्हटलं, “आज मी परत जात नाही. मला याची सकाळ बघायची आहे.”

रात्री मॅडमकडे राहिले. सकाळी प्रल्हादबरोबर केंद्रात गेले आणि त्याला म्हटलं, “तू रोज करतोस तसंच कर. मी मधे बोलणार नाही.”

त्यानं कुलूप काढलं. खिडकी उघडली. भिंत चाचपत जाऊन बोर्डाचं बटण दाबलं. मग कॉम्प्युटर चालू केला. धून वाजली आणि नंतर काहीच नाही. प्रल्हादनं मान माझ्या दिशेला वळवली, “पाह्यलं?”

पडद्यावर एक छोटी चौकट आली होती. ‘लायसन्सची चावी सापडली नाही. ओके दाबा.’ आंधळ्या माणसाला वाचून दाखवण्यासाठी केलेला प्रोग्रॅम स्वतःची अडचण त्याला लिहून दाखवत होता. आणि त्यानं ती वाचावी म्हणून मुकाट थांबला होता.

मी पुढे काही करणार तेवढ्यात फोन वाजला.

बाई महागावकडच्या एका खेड्यातून बोलत होती. आवाज मलाही ऐकू येत होता. दीर कालपासून जेवला नव्हता, कुणाशी बोलत नव्हता, पहाटेच शेतात जाऊन विहिरीच्या काठावर बसला होता. घरात दुसरं गडीमाणूस नव्हतं.

“वहिनी, फोन ठेवू नका,” प्रल्हाद म्हणाला. “तिथून भाऊ दिसून राह्यले का तुमाले? दिसते ना? मंग त्यायच्याकडं पाहात माह्याशी बोला.” रिसीव्हरवर हात ठेवून त्यानं मला सांगितलं, “ताई, महागावचे चव्हाण मास्तर, आपल्या केंद्राचे तिकडचे मानूस. नंबर काढा लवकर.”

मी ओके दाबलं, त्याची फाइल उघडली, नंबर मोठ्यानं वाचला. दुसऱ्या फोनची बटणं त्यानं बोटांनीच दाबली. एक रिसीव्हर या कानाला, दुसरा त्या कानाला. मास्तरांना गावाचं नाव सांगितलं आणि परत वहिनीकडे वळला. म्हैस कोणत्या रंगाची, दूध किती देते, दीर लहानपणी कसा होता, हे सगळं तो विचारत राहिला. मास्तर मोटारसायकलवरून पोचले आणि विहिरीकडे गेले, असं वहिनीनं सांगेपर्यंत त्यानं फोन सोडला नाही. मग खुर्चीला टेकला. शर्ट पाठीला चिकटला होता.

“चहा सांगा ना, ताई,” तो म्हणाला.

चहा येईपर्यंत मी टेबलाखाली शिरले. असले महागडे प्रोग्रॅम कुणी फुकट कॉपी करू नये म्हणून कंपनी बोटाएवढी एक चावी देते. तिला डोंगल म्हणतात. ती कॉम्प्युटरला लावलेली असली तरच प्रोग्रॅम चालतो. ही चावी होती, पण कॉम्प्युटरला नव्हती. मुख्य ऑफिसनं नवा हेडफोन पाठवला होता. त्यासाठी जागा हवी म्हणून मॅडमनी एक हब घेतला होता, म्हणजे एका खाचेच्या चार खाचा करणारी डबी. तो लावताना चावी कॉम्प्युटरमधून निघून हबच्या खाचेत गेली होती.

हबला वीज बोर्डातून मिळायची. संध्याकाळी जाताना मॅडम बोर्ड बंद करायच्या, म्हणून सकाळी हबही नव्यानं सुरू व्हायचा आणि त्याला कॉम्प्युटरपेक्षा जास्त वेळ लागायचा. मास्तरीण आधी यायची, चावी शोधायची, मिळाली नाही की अडून बसायची. मॅडम येईपर्यंत हब तयार झालेला असायचा. आणि मी दुपारी कितीही रीस्टार्ट केलं तरी बोर्ड चालूच होता, त्यामुळे चावी तिला दर वेळी सापडत होती.

मी चावी काढून थेट कॉम्प्युटरच्या मागच्या खाचेत लावली. हबवर फक्त हेडफोन ठेवला. बोर्ड बंद केला. चहा झाल्यावर प्रल्हादला म्हटलं, “आता सकाळ झाली असं समज.”

त्यानं बोर्ड चालू केला, कॉम्प्युटर चालू केला. धून वाजली. मास्तरीण साहेबी थाटात बोलायला लागली. प्रल्हादनं तिला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, “किती बोलते पाहा आता.”

मॅडम आल्या तेव्हा तो सकाळच्या फोनची नोंद टाइप करत होता आणि मास्तरीण महागावचा उच्चार बिघडवत होती. मॅडम दारातच उभ्या राहून ऐकत राहिल्या. आत येऊन त्यांनी मुख्य ऑफिसला फोन लावला. “मशीन दुरुस्त झालंय. माणूस बदलायचा नाही,” एवढं बोलून ठेवून दिला.

दुपारी चव्हाण मास्तरांचा फोन आला. दीर घरी होता, दोन घास जेवला होता. दुसऱ्या दिवशी ते त्याला डॉक्टरांकडे नेणार होते. प्रल्हाद पुढे केंद्र कायमचं बंद होईपर्यंत त्याच खुर्चीत होता.

तेव्हापासून तक्रार आली की मी गिऱ्हाइकाला आधी विचारते, बंद कसं करता आणि चालू कसं करता? आणि तक्रार सकाळची असेल तर बघायला दुपारी जात नाही.