दत्तू वळण बरोबर घेत होता

इस्लामपूरजवळच्या आमच्या गावी मी पेन्शनवर आलो तेव्हा पस्तिशीत होतो. सतरा वर्षं आर्मीत गाड्या चालवल्या. जीप, वनटन, शक्तिमान. हुद्दा हवालदार. घरचा ऊस भाऊ बघत होता. माझ्या वाट्याला बांधावर बसणं आलं, आणि तेच मला जमेना. पहाटे साडेचारला डोळे उघडत. फॉल-इनची हजेरी नाही, गाडी नाही. उगीच गावाला दोन-दोन फेऱ्या मारायचो.

बायको म्हणाली, "आवं, एका जागी बसा की जरा. तुमास्नी बघून म्हस बी बिथारलीया."

महिन्याभरात मी सांगली गाठली. तिथे बशीरभाई नावाचे जुने मिस्त्री मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवत. त्यांना शिकवणारा माणूस हवा होता. मी माझं डिस्चार्ज बुक पुढे ठेवलं. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही.

"चालवता येतं ते दिसतंय. शिकवता येतं का?"

"शिकीन."

शिकवण्याचा परवाना परीक्षा दिल्याशिवाय मिळत नव्हता. दोन महिने तयारी ठरली. सहा वाजता गाडी पुसायची, साडेसहाला रस्त्यावर. बशीरभाई स्वतः शिकाऊ होऊन स्टेअरिंगवर बसत आणि मुद्दाम चुका करत. मी डावीकडे. माझ्या पायाखाली जादा ब्रेक होता. नियम एकच: हात मांडीवर. सांगायचं तोंडाने.

पहिल्या दिवशी मी तीन वेळा स्टेअरिंग धरलं. दुसऱ्या दिवशी चार वेळा. आठवड्याने त्यांनी आयर्विन पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"हवालदार, तुमी शिकवत न्हाई. तुमी भिताय."

त्यांचं खरं होतं, आणि कारण मला माहीत होतं.

पाच वर्षांपूर्वी आमची पोस्टिंग पूर्वेकडच्या डोंगरात होती. माझ्या गाडीवर सिपाही दत्तात्रय माने. औंधचा. वय बावीस. मला उस्ताद म्हणायचा. डोंगरी रस्त्यावर त्याला तयार करायचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवशी कॉन्व्हॉय साडेपाचला निघाला. गाडी दत्तू चालवत होता, मी शेजारी. सव्वासातला एका वळणावर समोरून रिकामा थ्री टन ट्रक आला. जागा होती. दत्तूने वेग कमी केला होता, लाइन बरोबर धरली होती. मला वाटलं, घासणार. मी हात घातला आणि स्टेअरिंग डावीकडे ओढलं.

कडा खचली. मी दारातून बाहेर फेकला गेलो. दत्तू गाडीबरोबर खाली गेला.

मागच्या जीपमधला रेडिओ मला ऐकू येत होता. पुढून त्या जीपला विचारत होते, "वन फाइव्ह, रिपोर्ट. ओव्हर." ऑपरेटरने सांगितलं, "गाडी खाली गेली. ड्रायव्हर आत. ओव्हर."

चौकशीत रस्त्याची कडा खचली असं लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं. हाताचं कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

परीक्षा साताऱ्याला होती. सकाळी नऊ. यवतेश्वरचा घाट. शिकाऊ माणूस परीक्षा घेणारेच देणार होते. माझ्या वाट्याला मालनबाई आल्या, आरोग्य केंद्रातल्या नर्स. त्यांच्या जीपचा ड्रायव्हर चार दिवस यायचा, तीन दिवस दांडी मारायचा. म्हणून बाई स्वतःच शिकत होत्या. आरटीओचे इन्स्पेक्टर मागे बसले. म्हणाले, "गरज नसताना हात किंवा ब्रेक लावलात तर नापास."

चढ नीट झाला. उतरताना डावीकडे दरी होती. वळणावर सरपणाने भरलेला ट्रक वर आला, अर्धा आमच्या बाजूला.

"आता वो?" बाई किंचाळल्या.

माझा हात मांडीवरून उठला. स्टेअरिंगपासून वीतभर राहिला असेल. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी वेग कमी केला होता. जागा होती. मी हात खाली घेतला आणि मांडीखाली दाबला.

"ट्रककडं बघू नका. रस्त्याकडं बघा. दुसरा गियर. हां. सरळ ऱ्हावा."

ट्रक आरशाला लागता लागता निघून गेला. खाली आल्यावर इन्स्पेक्टर उतरले. मग कागदावर सही केली. "पास."

सोबत आलेल्या बशीरभाईंनी स्टँडवर मिसळ मागवली. मी ती तशीच ठेवून उठलो. पायात कसली तरी घाई भरली होती. सांगलीची एसटी दोनला होती. मी तिच्यात बसलो नाही. औंधची गाडी लागलेली होती, तिच्यात चढलो.

चारच्या सुमाराला पोचलो. दत्तूचे वडील दारात चऱ्हाट वळत बसले होते. मी नाव सांगितलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "सायबाच्या पत्रात हुतं. बसा."

मी उभाच राहिलो. "आबा, पत्रात एक लिवलं न्हाई. दत्तूची चूक न्हवती. मी भ्यालो. माझा हात हुता स्टेअरिंगवर."

त्यांचे हात थांबले. शिव्या देतील, हाकलतील, असं वाटत होतं. मी त्याच तयारीने गेलो होतो.

"म्हंजी त्यो नीट चालवत हुता?"

"व्हय. माझ्यापरास नीट."

"गावात म्हणत्यात, पोराला गाडी येत न्हवती म्हून गेला. पाच वर्सं ऐकतोय." त्यांनी चऱ्हाट बाजूला टाकलं आणि पटका डोक्याला गुंडाळला. "चला. पारावर मानसं बसल्यात. तितं सांगा."

"आत्ता?"

"मग कवा?"

पारावर सात-आठ जण होते. आबा माझ्या शेजारी उभे राहिले. मी सावधान झालो, ऑफिसरसमोर होतात तसा. सांगितलं की मी हवालदार, त्या गाडीवर कमांडर. सिपाही दत्तात्रय माने वळण बरोबर घेत होता. चूक माझी.

टोकाला एक म्हातारा बसला होता, त्याला कमी ऐकू यायचं. त्याने शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणतोय रं त्यो?"

आबा मला म्हणाले, "परत सांगा. मोट्यानं."

मी परत सांगितलं.