शेजारच्या वायफायवर बाबा

दारव्ह्याच्या मंडळींनो, दुपारपासून मी जरा तरंगतच आहे. कारण सांगतो.

बाबांनी गायलेली भीमगीतं आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर आहेत. बाबा सकाळी तो सुरू करायचे, म्हणून आई अजूनही करते. पण ते गेल्यापासून ती गाणी ऐकायची आमची हिंमत झाली नाही.

आता तो कॉम्प्युटर घरघर करून राह्यला, पेन ड्राइव्हही घेत नाही. म्हटलं, बंद पडायच्या आत वायफायवरून गाणी लॅपटॉपवर घेऊ. फोल्डर बाबांनी आधीच शेअर केलेलं होतं, पण लॅपटॉपवर दिसेचना.

बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं, जुना कॉम्प्युटर शेजारच्या सलमाभाभीच्या वायफायवर होता! आई म्हणाली, "आपल्याकडं नेट नव्हतं ना, तवा तिनंच जोडून देल्लतं."

मी त्याला आमच्या वायफायवर आणलं. फोल्डर लगेच दिसलं, कॉपी सुरू झाली.

तेवढ्यात भाभी दारात. गळ्यात मापाची टेप. "काहून रे, काकाचं गाणं मधातच बंद झालं? शिलाई करताना मी रोज हळू आवाजात तेच लावते."

म्हणजे त्या शेअर केलेल्या फोल्डरमधून बाबा रोज भाभीकडे गात होते!

मग सगळी गाणी भाभीच्या कॉम्प्युटरवरही टाकून दिली.

आता भिंतीपलीकडे शिलाई मशीन चालू आहे आणि बाबा मोठ्या आवाजात गाऊन राह्यले. आईनं खुर्ची भिंतीजवळ ओढली आहे. बोटानं ताल धरते आहे.

तुमच्या घरचं कोणी असं शेजारी गात असेल का हो?