योगिनीच्या घरची शिक्षा

भोपाळच्या पिपलानीत आमच्या आणि योगिनीच्या क्वार्टरमध्ये मिळून एकच भिंत. तिचा नवरा अभिजीत तिला मारायचा ते मला सगळं ऐकू यायचं. कितीदा जाऊन मी दार बडवलं, पण ती सुजलेल्या ओठानं बाहेर यायची आणि म्हणायची, "काही नाही हो सरोजकाकू, पडले." पडले म्हणे. सपाट फरशीवर माणूस दर आठवड्याला पडतो का?

पोरगी ग्वाल्हेरची, डोक्यानं तल्लख. मुलांना फुकट कोडिंग शिकवणारी एक वेबसाइट आहे, तिचे धडे ती मराठीत करून द्यायची. दुपारी कॉलनीतल्या मुलींना घरी बोलावून तेच शिकवायची. अभिजीत पुण्याचा. घरात मराठीच बोलायची आणि तीही शुद्ध, हा त्याचा हुकूम. योगिनीच्या तोंडून 'दिक्कत' निघालं तरी मुस्काटात बसायची. मेल्याची शुद्धता सगळी जिभेवरच होती.

परवा रविवारी त्या वेबसाइटनं मदत करणाऱ्यांच्या आभाराचं पान टाकलं. त्यात विद्यार्थ्यांनीही चार शब्द लिहिले होते. योगिनीचं नाव आलं. बिचारी हरखून लॅपटॉप नवऱ्याला दाखवायला गेली. तिच्याकडे शिकलेल्या स्नेहानं, भोपाळातच वाढलेल्या कॉलेजच्या पोरीनं, लिहिलं होतं, 'योगिनीताईंच्या घरी मिळालेल्या शिक्षेबद्दल मनापासून आभार.' हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आम्हा भोपाळवाल्यांना त्यात खटकायला काही नाही. अभिजीतनं मात्र ते त्याच्या शुद्ध मराठीत वाचलं. त्याला वाटलं, बायकोनं घरातली मारहाण जगजाहीर केली.

लॅपटॉप त्यानं तिच्याच डोक्यात घातला. मग तिचा हात चौकटीत धरून दार आपटलं. ती किंकाळी ऐकून मी हातातली सांडशी घेऊनच धावले. तो तिला केसांनी धरून फरशीवर आपटत होता. मी सांडशी त्याच्या मनगटावर घातली. मग आणखी एकदा घातली, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

त्याला पोलीस ठाण्यात नेलं, तर तिथंही त्याचं एकच पालुपद, "गिर गई, साहब." योगिनी माझ्या पदराला रक्त पुसत बसलेली. हवालदार कागद बाजूला सारून म्हणाला, घरचं घरात मिटवा. मिटवलं असतं तर ती त्याच घरात परत गेली असती, आणि पुढच्या वेळी जिवानिशी गेली असती. माझं डोकंच फिरलं. स्नेहाची ती ओळ मोबाइलवर काढून मी हवालदाराच्या नाकासमोर धरली. "इसके लिए मारा है."

त्यानं अक्षरं लावत वाचलं. "घर में शिक्षा मिली, आभार. इसमें बुरा क्या है?"

अभिजीत उसळला. "आप समझ नहीं रहे. हमारी मराठी में शिक्षा मतलब सज़ा. इसने दुनिया को बता दिया कि मेरे घर में सज़ा मिलती है."

हवालदारानं कागद पुन्हा पुढे ओढला. "अच्छा. तो मिलती है?"

उत्तर योगिनीनं दिलं.

"मिलती है. शादी के दिन से. लिखिए."