फोडणीचा वास

मी जन्मानं ख्रिस्ती. प्रार्थना मला भाकरी थापण्याइतकी सवयीची. पण माझ्या लेकीच्या, मार्थाच्या कपाळावर पुटकुळ्या दिसल्या त्या सकाळी मी गुडघे टेकले आणि एक शब्द आठवेना. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. मोताळ्याजवळच्या एका खेड्यात माझे यजमान शाळामास्तर होते आणि गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. त्या उन्हाळ्यात देवीची साथ फिरत होती. देवीची लस टोचणारा आमच्या गावापर्यंत पोचलाच नव्हता. यजमान अमरावतीला प्रशिक्षणाला गेलेले. बाजाराला निघालेल्या गाडीवानाकडे मी निरोप दिला खरा, पण तो पुढे कुणी आणि कसा पोचवायचा हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

पाहता पाहता पोरीचं अंग फोडांनी भरलं, पापण्या सुजून चिकटल्या. मला सगळ्यांत जास्त धास्ती डोळ्यांची होती. देवीनं डोळे गेलेली माणसं मी पाहिली होती. दिसत नाही म्हणून ती सारखी "आई, दिवा लाव" म्हणायची, आणि बाहेर लख्ख ऊन असायचं. मी म्हणायची, लावते हं. याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोलले नाही.

शेजारच्या बायांनी दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचला, तो मी राहू दिला. पण घरात देवी आल्या असताना फोडणी द्यायची नाही, हा त्यांचा रिवाज मला ऐकून माहीत असूनही डोक्यात राहिला नाही. आमच्या घरी तो कधी पाळला नव्हता. पोटात अन्न नव्हतं, म्हणून एका दुपारी लसणाची फोडणी देऊन चार घास वरण शिजवलं. वास गल्लीभर गेला.

घास तोंडात घालायच्या आत अंगणात माणसं जमली. रोज माझ्याकडून पोरांची अक्षरं गिरवून घेणारी तीच माणसं होती. कुणी शिवी दिली नाही, दगड उचलला नाही. ती रागावली नव्हती, घाबरली होती, आणि त्यामुळेच मला त्यांची जास्त भीती वाटली. त्यांच्यातले एक वडीलधारे दाराबाहेरूनच म्हणाले, "मास्तरीणबाई, देवी घरात असतानी फोडणी देल्ली तुम्ही. आता कोप आमच्या लेकरायवर बी येईन. पोरीले घेऊन मळ्यातल्या खोपीत जा."

मळा गावाबाहेर, वाटेवर सावलीचं झाड नाही. त्या उन्हात तापानं फणफणलेलं लेकरू नेलं तर ते पोचणार नाही हे मला कळत होतं. हात जोडून मी तेच सांगितलं. मान खाली घालून सगळ्यांनी ऐकलं, पण जागचं कुणी हललं नाही. मी आत येऊन पोरीला गोधडीत गुंडाळू लागले. तेव्हा मनात पहिल्यांदा प्रार्थना उमटली, तीही धड नव्हती. प्रभू, मला जमत नाही, आता तूच धर हिला, एवढंच.

आणि सरूबाई आत आली. ही माळ्याची म्हातारी, वांगी-मेथी विकायला दारावरून जायची. तोंडभर देवीचे वण. आमचं बोलणं भाजीपुरतंच. तिनं दारातल्या माणसांना बाजूला केलं. "मले येऊन गेली ते. आता मले काय करते? मी बसते देवीपाशी, फोडणीचा कोप माह्यावर," असं म्हणून ती गोधडीजवळ बसली आणि पदरानं वारा घालू लागली. वण असलेल्या बाईशी देवीबाबत वाद घालायची कुणाची छाती नव्हती. अंगण हळूहळू रिकामं झालं.

मी रडतच तिला म्हटलं की आमच्यात देवी मानत नाहीत. ती म्हणाली, "तुमी तुमच्या देवाले मांगा. मी इले वारा घालते."

मग तेच चालू राहिलं. मी पाणी उकळून निववायची, ती मऊ फडक्यानं पोरीच्या पापण्या भिजवायची. देवी समजून ती पोरीला आई म्हणून हाक मारायची, मी येशूचं नाव घ्यायची. मी पुन्हा फोडणी दिली नाही. त्यांचा रिवाज पाळल्यानं विश्वासाला बट्टा लागतो का, हा प्रश्न मनात आला होता. पण त्या म्हाताऱ्या जीवासमोर तो विचारायची मला लाज वाटली. सरूबाई आमच्या ओसरीतच झोपायची. तिची सून कुंपणापाशी भाकरी ठेवून जायची. मला वाटायचं, घरी हिला कुणी विचारत नसेल.

खपल्या धरल्या आणि एका सकाळी पापण्या सुटल्या. मार्थानं एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्याच्या बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं, ते कायमचं राहिलं. मी दोन्ही डोळे मागितले होते. तरी त्या एका नजरेसाठी मी जमिनीला डोकं टेकलं, आणि ते आजही टेकते.

यजमान परतल्यावर सरूबाई निघाली. मी तिचे पाय धरले. म्हटलं, प्रभूनंच तुम्हाला धाडलं.

"मले कोणी नाही धाडलं, बाई," ती म्हणाली. "घरी नातू हाये, त्याले टोचलं नोतं. म्हणून घरी गेली नाही. मले लई भेव लागून राह्यलं होतं. पण पोरगी रडत होती ना."

भीती गेली की विश्वास आला, असं मी तोवर समजत होते. माझी भीती काही गेली नाही. मार्थाला नुसती कणकण आली तरी मी आधी तिच्या कपाळावर पुटकुळ्या शोधते. आता मी ती भीती जाण्याची वाट पाहत नाही. तिला घेऊनच प्रभूपुढे बसते, आणि तो मला परत पाठवत नाही.