पाळकसाहेबांचा वाटा

मला भाषण करायची खोड आहे. घरात कोणी ऐकत नाही, म्हणून बहारीनमध्ये असताना मी आमच्या मराठी मंडळीत दर शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, संधी शोधायचो. उपासना हमद टाउनला आमच्याच घरच्या हॉलमध्ये व्हायची, मग यजमानाला गप्प कोण बसवणार? नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. मंडळी म्हणजे नगर-जालन्याकडची मोजकी ख्रिस्ती कुटुंबं, आणि पाळकसाहेब मात्र एकटे, बायकामुलं गावी. दिवसभर गोदामात क्लार्कची नोकरी करायचे आणि संध्याकाळी आमची आजारपणं, आमची भांडणं निस्तरायचे. अरादला एका खोलीत राहायचे. शुक्रवारी उपासनेनंतर कुणा ना कुणाच्या घरी जेवायला जायचे.

त्या वर्षी त्यांचा व्हिसा संपत आला. रिन्यू करायचा की गावी परतायचं, त्यांचं ठरत नव्हतं. आमचं धाबं दणाणलं. आधीचे पाळक गेल्यावर आम्ही कितीतरी शुक्रवार कॅसेटवरचे संदेश ऐकून काढले होते, आणि मधूनमधून माझं भाषण. त्यापेक्षा कॅसेट बरी, असं मंडळीचं मत होतं. हे मला बायकोनंच सांगितलं.

यांना काहीही करून टिकवायचं, असं मी ठरवलं आणि शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. शुक्रवारी उभा राहिलो. प्राचीन इस्राएलात बाकीच्या वंशांना जमिनी मिळाल्या, लेवीच्या वंशाला, म्हणजे लेव्यांना नाही. त्यांच्या वाट्याला देवाची सेवा. म्हणून धान्याचा, तेलाचा, द्राक्षारसाचा दहावा भाग लोकांनी त्यांना द्यायचा. बळी दिला की याजकाला खांदा, गालफडं आणि कोथळा! हे मी एवढ्या जोरात म्हणालो की रिफ्याहून येणाऱ्या काकू झोपेतून दचकल्या.

"कोथळा कशाला?" त्यांनी विचारलं.

"काकू, तो मुद्दा नाही!"

मुद्दा हा की, शुक्रवारी ज्याच्या घरी पातेलं उतरेल त्यानं पहिला वाटा पाळकसाहेबांसाठी काढायचा. डबे मी गाडीनं अरादला पोचवणार. साहेबांनी जेवणासाठी घरोघर का फिरावं? पाळकसाहेब काहीतरी बोलणार होते, पण मी आधीच 'आमेन' म्हणून टाकलं.

झालं! शुक्रवारी दुपारी माझी गाडी म्हणजे फिरती खानावळ. प्रत्येक राउंडअबाउटला कुणाचा तरी रस्सा सीटवर. मी मात्र फुशारलेलो. दारातूनच डबे आत द्यायचे आणि यल्ला, चला परत. दुसऱ्या दिवशी डबे घासूनपुसून मिळायचे, आणि रिकामे नाहीत. भांडं रिकामं परत देऊ नये ही आपली रीत, ती साहेब पाळायचे.

एकदा बायकोनं आमचा डबा उघडला तर आत भरली वांगी. तिनं चव घेतली.

"ही रिफ्याच्या काकूंची. इतकं कूट त्याच ओततात."

"मग?"

"मग काय मग? आपलं मटण कुठं गेलं?"

तिनं रिफ्याला फोन लावला. काकू खुशीत होत्या: "अगं, पाळकसाहेबांच्या हाताला काय चव आहे! काय मटण केलंय!"

आणखी फोन झाले. सगळी मंडळी एकमेकांचं जेवण जेवत होती आणि साहेबांच्या स्वयंपाकाची तारीफ करत होती.

"तो माणूस जेवतच नाहीये," बायको म्हणाली. "उंटावरचे शहाणे! हमालासारखे डबे वाहताय, कधी घटकाभर त्यांच्याजवळ बसलात?"

तिला खोटं पाडायला मी चिडून पुन्हा शास्त्र उघडलं. तर तिथंच, थोडं पुढं, सांगितलं होतं की सणाला घरधन्यानं, त्याच्या लेकराबाळांनी, नोकरचाकरांनी आणि गावातल्या लेव्यानं एकत्र बसून आनंदानं जेवावं. मी दहाव्या भागापाशीच थांबलो होतो.

तसाच अरादला गेलो. साहेबांनी चहा केला.

"एकट्याला घास उतरत नाही हो," ते म्हणाले. "तुमच्याकडं पोरं इंग्रजीत भांडायची, ताई मराठीत ओरडायच्या, त्यात एखादी भाकरी जास्तच जायची. डबे सुरू झाले तेव्हा वाटलं, मंडळीला आपलं येणं जड झालंय. मग गावी गेलेलंच बरं."

मला रडू आलं. भाषण सुचलं नाही. "शुक्रवारी या," एवढंच म्हणालो.

शुक्रवारी उपासना झाली, बाकीची मंडळी गेली, साहेब थांबले. त्यांनी पिशवीतून आमचा डबा काढून बायकोच्या हातात दिला.

"ताई, आज रिकामाच आणलाय," ते म्हणाले. "भूक लागलीय."

बायको डबा घेऊन तशीच वाढायला आत गेली. पानं घेतल्यावर मी प्रार्थनेसाठी घसा खाकरला, तर लेक म्हणाली, "पप्पा, शॉर्ट, प्लीज!" मी नुसतं आमेन म्हटलं.

राहवेना म्हणून विचारलं, "साहेब, व्हिसाचं काय ठरलं?"

त्यांनी ताट पुढं केलं. "आधी अजून एक भाकरी वाढा. राहायचं तर जेवायला नको?"