ऑर्लिनचे कान

माझा नवरा ऑर्लिन थॉर्सन घरबसल्या जगभरच्या लोकांवर खेकसतो आणि त्याचा त्याला पगार मिळतो. हे मी चिडून म्हणत नाही. म्हणजे चिडूनच म्हणते, पण खोटं म्हणत नाही.

संगणकाच्या पोटात आवाजासाठी एक चिप असते. ती नुसती असून भागत नाही. केव्हा उठायचं, केव्हा निजायचं, कुठल्या स्पीकरला किती द्यायचं, हे तिला कोणीतरी शिकवावं लागतं. त्या शिकवणीला ड्रायव्हर म्हणतात. एका जातीच्या चिपांचा ड्रायव्हर कित्येक वर्षं बेमिजी गावातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत मुक्काम ठोकून आहे. ज्या फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीत तो जातो, तिचा गाभा, म्हणजे कर्नेल, देशोदेशीचे लोक मिळून लिहितात. त्यात ऑर्लिनच्या चिपांसाठी कोणाला एक ओळ जरी बदलायची असली तरी ती आधी ऑर्लिनपुढे येते. तो हो म्हणाला तर पुढे सरकते. तो बहुधा नाही म्हणतो.

त्याच्या बाजूनंही बोलायला हवं. चिप तीच असली तरी प्रत्येक लॅपटॉप कंपनी ती आपल्या मर्जीनं जोडते. एक डावा स्पीकर उजवीकडे नेते, दुसरी माइकची तार भलतीकडेच डकवते, आणि सांगत कोणीच नाही. मग लोक ऑर्लिनला लिहितात, ‘आवाज येत नाही.’ बस, एवढंच. “कुठला लॅपटॉप? कुठली चिप? मी काय इथे पत्रिका बघायला बसलोय?” असा आरडाओरडा मागच्या खोलीतून सुरू झाला की मी रेडिओ मोठा करते. निम्म्या वेळा त्या माणसानं आवाजाचं बटणच बंद केलेलं असतं.

पण ऑर्लिनचं खरं भांडवल म्हणजे त्याचे कान. लहानपणी शेतावर दूध काढायच्या यंत्राचा पंप बिघडणार हे तो आधीच नुसत्या आवाजावरून सांगायचा. त्याच्या बापानं ते गावभर सांगितलं, आणि तेव्हा जी हवा डोक्यात गेली ती अजून उतरलेली नाही. चर्चमध्ये प्रार्थना संपली की तळघरात कॉफी घेताना तो ऑर्गन वाजवणाऱ्या व्हर्नाला गाठायचा आणि ऑर्गनच्या कुठल्या नळीचा सूर किंचित उतरला आहे ते ऐकवायचा. बिचारी त्याला पाहिलं की केकच्या टेबलामागे दडायची. गेली दोनेक वर्षं मात्र त्यानं तिचा पिच्छा सोडला होता. मला वाटलं, वयानं का होईना, शहाणपण आलं.

माझ्या वाट्याला तेवढं शहाणपण आलं नाही. “मार्लिस, पुटपुटू नकोस.” “मार्लिस, तोंडातल्या तोंडात काय बोलतेस?” मी प्राथमिक शाळेच्या कचेरीत काम करते. माझी हाक शाळेच्या व्यायामशाळेच्या पार टोकाला जाते. मी पुटपुटते म्हणे! पण रोज रोज कोण वाद घालणार? मी तीच गोष्ट पुन्हा, जास्त मोठ्यानं सांगायची आणि तो म्हणायचा, “मग ओरडतेस कशाला?”

या हिवाळ्यात आमच्या शाळेत स्वस्तातले नवे लॅपटॉप आले. त्यांच्यावर तीच फुकटची प्रणाली आणि तिच्यात माझ्या नवऱ्याचा ड्रायव्हर. मी सगळ्यांना अभिमानानं सांगितलं, हीच माझी चूक झाली. कारण तिसरीच्या वर्गात पोरं तक्रार करायला लागली की हे लॅपटॉप शिट्टी मारतात. गाणं किंवा धडा वाजून संपला आणि खोली शांत झाली की बारीक, टोचणारी शिट्टी सुरू होते. पोरं वाचनाच्या तासाला लोकरी टोप्या कानांवर ओढून बसायची. त्यांच्या बाई जोनेल केटोला यांना काही ऐकू येत नव्हतं. मलाही नाही. जोनेलचं म्हणणं, एकानं खूळ काढलं आणि बाकीच्यांनी उचललं.

खूळ काढणारी म्हणजे टेसा बेलँजर. ही चिमुरडी एकदा सरळ उठली आणि तिनं वर्गातल्या सगळ्या लॅपटॉपची झाकणं फटाफट मिटून टाकली. जोनेल म्हणाली, सगळ्यांसमोर खरं सांग आणि माफी माग. टेसा म्हणाली, खरंच सांगतेय. झालं! मधली सुट्टी बंद, आणि माफी मागेपर्यंत शुक्रवारच्या तळ्यावरच्या सहलीतही जायचं नाही. तिसरीतली पोरं दर मार्चला तळ्यावर जातात, बर्फाला भोकं पाडून मासे धरतात, शेकोटीवर सॉसेज भाजतात. त्या एका दिवसासाठी ती पहिलीपासून वाट बघतात. बर्फही पुढच्या आठवड्यापर्यंत टिकेल याचा भरवसा नव्हता.

त्यामुळे मधल्या सुट्टीत टेसा माझ्या टेबलासमोर बसायची आणि खिडकीतून बर्फात लोळणारी पोरं बघायची. 

“माफी मागून टाक की गं,” मी म्हटलं. “दोन शब्दांचं तर काम आहे.”

“खोटं बोललेच नाही तर माफी कशाची?”

मी वैतागून एक लॅपटॉप घरी नेला आणि ऑर्लिनपुढे ठेवला. म्हटलं, ऐक आणि सोक्षमोक्ष लाव. त्यानं खोलीचं दार लावलं, डोळे मिटले, थोडा वेळ बसला आणि लॅपटॉप परत माझ्या हातात दिला. 

“काही नाही. स्वच्छ आहे.” 

“नक्की ना? एका पोरीची सहल अडकलीय.” 

“मार्लिस, मी हेडफोनच्या भोकात तार घालून मोजलंसुद्धा. सरळ रेघ. आणि हे खूळ तुमच्याच शाळेत नाही. बुडापेस्टची एक बाई आहे, इलोना. तिनंही हीच शिट्टी धरलीय. म्हणते, चिप झोपते पण स्पीकरचा अँप्लिफायर जागाच राहतो, तो आधी बंद करा. दोनदा दुरुस्ती पाठवली तिनं. दोन्ही वेळा मी परतवून लावली.” 

“का?” 

“का म्हणजे? मला शिट्टी ऐकू येत नाही. नसलेल्या रोगावर औषध कशाला?” 

“माइक लावून बघायचा स्पीकरसमोर.” 

“मग हे कान कशाला दिलेत देवानं?”

दुसऱ्या दिवशी मी जोनेलला ऑर्लिनचा निकाल सांगितला. ती टेसाला म्हणाली, “ऐकलंस? ज्या माणसानं या लॅपटॉपचा आवाज लिहिलाय, तो स्वतः म्हणतो शिट्टी नाही.” टेसाचा चेहरा लाल झाला. रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “मग त्यांना इथे बोलवा. माझ्यासमोर ऐकू देत.”

मला वाटलं होतं ऑर्लिन उडवून लावेल. उलट तो खूश झाला. संध्याकाळभर खपून त्यानं एक चाचणी लिहिली. एकेक सूर वाजणार, प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा उंच. ऐकू आला की हात वर, थांबला की खाली. “आणि मध्ये मध्ये मी शांतता टाकलीय,” तो मिशीत हसत म्हणाला. “कुठे किती, ते लॅपटॉपच ठरवणार, मलाही ठाऊक नाही. म्हणजे पोरगी नुसता हात वर करून बसली की सापडलीच.” 

“अरे, ती आठ वर्षांची आहे. कसला सापळा लावतोस?” 

“काय?” 

“सापळा म्हटलं, सापळा!” 

“ओरडू नकोस.”

गुरुवारी शाळा सुटल्यावर आम्ही लायब्ररीत जमलो. टेसा, जोनेल, ऑर्लिन आणि मी, बस. टेसाचा आजा बाहेर गाडी गरम करत थांबला होता. ऑर्लिन आणि टेसा शेजारीशेजारी, लॅपटॉपकडे पाठ करून, डोळे मिटून बसले. छोट्या खुर्चीत माझ्या नवऱ्याचे गुडघे हनुवटीला लागत होते. लॅपटॉप माझ्यापुढे होता, ऑर्लिनचा स्वतःचा, न शिट्टीवाला. सूर वाजत असला की पडद्यावर हिरवा ठिपका दिसायचा, थांबला की जायचा.

सुरुवातीचे सूर आम्हा सगळ्यांनाच ऐकू आले. ठिपका आला की दोन हात वर, गेला की दोन हात खाली. मग ते माझ्यापुरते संपले. जोनेलकडे बघितलं, तिनंही मान हलवली. टेसाचा हात मात्र ठिपक्याबरोबर वरखाली होत राहिला, बटण दाबावं तसा. आणि ऑर्लिनचा हात वर होता. ठिपका गेला, तरी वर. पुन्हा आला, पुन्हा गेला, तरी वरच. मी मनात म्हणत होते, अरे खाली घे, खाली घे की! पण त्याचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर तोच जुना भाव होता, व्हर्नाची नळी पकडल्याचा.

चाचणी संपली. पडदा रिकामा झाला. टेसानं हात मांडीवर ठेवला आणि डोळे उघडले. लायब्ररीत हीटरची घरघर सोडली तर काही नव्हतं. ऑर्लिन हात वर करून बसलेला.

“ऑर्लिन,” मी म्हटलं. 

“श्श! येतोय अजून. बारीक आहे, पण येतोय.”

टेसानं माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या बाहीला हात लावला. “मिस्टर थॉर्सन, केव्हाच थांबला तो.”

त्यानं डोळे उघडले. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे आणि मग पडद्याकडे बघितलं. “नाही,” तो म्हणाला. “मला ऐकू येतोय. आत्तासुद्धा.” आणि ते म्हणता म्हणताच त्याला कळलं असणार, कारण तो हात असा हळूहळू खाली आला की मला बघवेना. त्याच्याच कानात वाजत होतं ते. किती दिवसांपासून वाजतंय, देवाला ठाऊक.

 टेसा म्हणाली, “मग मी उद्या तळ्यावर जाऊ ना?”

जोनेल तिथेच खाली बसली आणि तिनं पोरीची माफी मागितली, अगदी नीट, दोन्ही हात धरून. टेसानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आणि माझ्या मधल्या सुट्ट्या?” 

 घरी आल्या आल्या ऑर्लिन कोट न काढता मागच्या खोलीत गेला. शाळेचा तो लॅपटॉप त्यानं मागून आणला होता. या वेळी त्यानं स्पीकरसमोर माइक लावला. मी दारात उभी राहून बघत होते. सपाट रेघेच्या मधोमध, भिंतीतून खिळा बाहेर यावा तशी, शिट्टी उभी होती. इलोनानं सांगितलं होतं तशीच, स्पीकरच्या अँप्लिफायरमधून येणारी; हेडफोनच्या तारेत ती सापडणारच नव्हती.

मग तो लिहायला बसला. लिहून झाल्यावर मला म्हणाला, वाच. कर्नेल लिहिणाऱ्या जगभरच्या लोकांना एकदम ईमेल जाते त्या यादीवर जाणार होतं ते. लिहिलं होतं की शिट्टी आहे. तिसरीच्या मुलांना ती ऐकू येते, मला येत नाही, आणि मला येत नाही हे मला आज कळलं. इलोनाची दुरुस्ती बरोबर आहे, मी ती दोनदा चुकून परतवून लावली, आज घेत आहे. यापुढे माझ्या कानांवर कोणी जाऊ नये, माझ्याकडून मोजमाप मागावं. इतक्या वर्षांत त्यानं कोणाला ‘माझं चुकलं’ लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मला राग काढायचा होता, तो निघेना.

“पाठव,” मी म्हटलं, आणि त्यानं पाठवलं.

मी स्वयंपाकघरात येऊन भांडी घासायला घेतली. थोड्या वेळानं तो येऊन टेबलाशी बसला. व्हर्नाबद्दल काहीतरी म्हणाला, की रविवारी तिच्याशी बोलायला हवं.  

“मार्लिस,” तो म्हणाला, “मी तुला सारखं म्हणायचो ना, पुटपुटतेस म्हणून. खरंच किती वेळा पुटपुटलीस तू?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी वर्षानुवर्षं तयार होतं. चांगलं लांबलचक होतं, तारीखवार, आणि आवाज चढवूनच द्यायचं ठरवलेलं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, आणि तेही नळाकडे बघत, साध्या आवाजात. 

“एकदाही नाही.”

मागून काही उत्तर आलं नाही. मला वाटलं, लागलं वाटतं मनाला. वळून बघितलं तर तो माझ्या पाठीकडे डोळे लावून तसाच बसला होता, मी उत्तर देईन म्हणून वाट बघत.

मी नळ बंद केला. हात पुसले. टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोरची खुर्ची ओढली, त्याला माझं तोंड नीट दिसेल अशी बसले आणि पुन्हा सांगितलं.